पोस्ट टाकण्याआधी कपाट पाहा : ग्रंथालयासाठी समाजमाध्यमं

पोस्टला भरपूर लाइक आले, पण पुस्तकाची एकच प्रत, तीही बाहेर गेलेली, तर ती पोस्ट फसली असं समजा. म्हणून काम कपाटापासून सुरू करायचं. लिहिण्याआधी तीन गोष्टी तपासा : प्रती किती, त्या जागेवर आहेत का, आणि नसल्या तर आगाऊ नोंदणी घेता येते का. प्रत एकच असेल तर त्या विषयावरची पाच-सहा पुस्तकं मिळून पोस्ट करा, म्हणजे मागणी विभागली जाते. ती पुस्तकं त्याच दिवशी काउंटरजवळ वेगळ्या फळीवर काढून ठेवा. देवघेवीवर (पुस्तकं देण्या-घेण्याच्या काउंटरवर) बसणाऱ्यांना पोस्ट आधी दाखवा. वाचक 'ते फेसबुकवरचं पुस्तक' मागतो आणि कर्मचाऱ्याला पत्ताच नसतो, ही सगळ्यात नेहमीची चूक.

माध्यम कोणतं? दोन आठवडे काउंटरवर प्रत्येक सभासदाला विचारा, 'रोज काय उघडता?' आणि वहीत खुणा करा. सर्वाधिक खुणांची दोनच माध्यमं घ्या. पाच खाती उघडली की तीन ओस पडतात, तिथे जुन्या वेळा तशाच राहतात आणि वाचक बंद दारापाशी येऊन परत जातो.

खातं संस्थेच्या ईमेलवर आणि संस्थेच्याच सिमकार्डावर काढा. फेसबुकवर पेज हवं. वैयक्तिक प्रोफाइलला ५,००० मित्रांची मर्यादा असते. पूर्ण अधिकार किमान दोघांकडे द्या, दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारणारी सोय) चालू ठेवा, आणि कोणी नोकरी सोडली तर त्याच दिवशी त्याचे अधिकार काढा.

व्हॉट्सॲपवर मात्र जरा थांबून विचार करा. ग्रुप सोपा वाटतो, पण त्यात सभासदांचे नंबर एकमेकांना दिसतात, आणि आठवड्याभरात शुभेच्छांच्या चित्रांखाली तुमची सूचना गाडली जाते. निदान फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सेटिंग करा. नंबर उघडे पडण्यावर मात्र त्याने इलाज होत नाही. ब्रॉडकास्ट यादीत (एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवण्याची सोय) ही अडचण नाही, पण ज्यांनी ग्रंथालयाचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच संदेश पोचतो. 'पाठवलं होतं, मिळालं नाही' याचं कारण बहुधा हेच. तेव्हा नाव नोंदवतानाच नंबर जतन करून घ्या. सर्वांसाठीच्या सूचनांना व्हॉट्सॲप चॅनल (फक्त तुम्ही लिहायचं, बाकीच्यांनी फॉलो करून वाचायचं) बरं, कारण फॉलोअरचा नंबर इतर फॉलोअरना दिसत नाही.

आठवड्याला तीन पोस्ट पुरतात : एक विषयावरची, एक कार्यक्रमाची, एक संदर्भसेवेची (माहिती शोधायला वाचकाला केलेली मदत). तिसरी बहुतेक ठिकाणी राहूनच जाते. जुनी वर्तमानपत्रं कशी शोधावीत, वर्गांकावरून (पुस्तकावरच्या विषयवार क्रमांकावरून) पुस्तक कसं सापडतं, असल्या पोस्ट वर्षभर उपयोगी पडतात. कार्यक्रमाची सूचना एकदाच देऊ नका. आठ दिवस आधी, आदल्या दिवशी आणि त्याच सकाळी द्या.

इन्स्टाग्रामसाठी १०८० × १३५० पिक्सेलचं उभं चित्र घ्या आणि कडेला मोकळी जागा सोडा. काही डिझाइन ॲपमध्ये देवनागरी जोडाक्षरं तुटतात, म्हणून तयार चित्र फोनवर उघडून वाचा. तारीख, वेळ, ठिकाण चित्राखालच्या मजकुरातही लिहा. चित्रातली अक्षरं स्क्रीन रीडरला सहसा वाचता येत नाहीत. चित्राखालच्या मजकुरातली लिंक इन्स्टाग्रामवर दाबता येत नाही, ती प्रोफाइलवर द्या. स्टोरी २४ तासांत जाते, त्यामुळे वेळा आणि सभासदत्वाचे नियम हायलाइटमध्ये (प्रोफाइलवर कायम राहणाऱ्या स्टोरींमध्ये) ठेवा.

कोणी काय वाचतो हे ग्रंथालयाने जाहीर करायचं नसतं. मुदतीत परत न आलेलं पुस्तक, दंड, तक्रार यांची चर्चा प्रतिक्रियांत नको. 'काउंटरवर या किंवा फोन करा' एवढंच लिहा. मोबाइलवर फोटो काढताना मागच्या संगणकावर सभासदाची नोंद उघडी नाही ना, तेही बघा. मुलांच्या फोटोला पालकांची लेखी संमती हवी. गोष्ट वाचनाचा व्हिडिओ टाकायचा असेल तर हक्कधारकाची परवानगी घ्या; पुस्तक आपल्या संग्रहात आहे म्हणून ते प्रसारित करण्याचा हक्क मिळत नाही.

परिणाम मोजायला देवघेव नोंदी काढा. फळीवरच्या पुस्तकांची पोस्टआधीच्या चार आठवड्यांतली आणि नंतरच्या चार आठवड्यांतली देवघेव शेजारी मांडा. नवीन सभासदाच्या अर्जात 'कुठून कळलं?' हा रकाना घाला. तीन महिन्यांनी ज्या प्रकारच्या पोस्टने पुस्तकं हललीच नाहीत, तो प्रकार, लाइक कितीही असोत, बंद करा.