शिफ्ट इन्चार्ज व्हायचंय? प्रसारण कक्षातलं काम, वेळेची गणितं आणि नेहमीचे घोळ

वाहिनी पाहायला आलेला माणूस स्टुडिओतल्या दिव्यांकडे बघत राहतो. प्रसारण सुटतं ते तिथून नव्हे, मास्टर कंट्रोल रूममधून, म्हणजे एमसीआरमधून. थंडगार, अर्धवट अंधारी खोली, भिंतभर लहानमोठी चित्रं आणि बहुतेक वेळ नुसतीच बसल्यासारखी दिसणारी दोन-तीन माणसं. त्या खोलीची जबाबदारी ज्याच्या नावावर असते त्याला कुठे शिफ्ट इन्चार्ज म्हणतात, कुठे ड्युटी मॅनेजर. रेडिओत हीच खुर्ची बऱ्याचदा ट्रान्समिशनच्या माणसाकडे असते. काम सारखंच: जे जायला हवं ते ठरल्या वेळी, ठरल्या दर्जाने हवेत जातंय ना हे पाहायचं आणि गेलं नाही तर पुढच्या काही सेकंदांत काय करायचं ते सांगायचं.

या जागेवर कोणी थेट येत नाही. इन्जेस्ट, म्हणजे आलेलं साहित्य सर्व्हरवर चढवणं, मग क्यूसी, म्हणजे फाइलींचा दर्जा तपासणं, मग प्लेआउट ऑपरेटर, म्हणजे सर्व्हरवरून कार्यक्रम हवेत सोडणारा, आणि मग शिफ्ट, असा साधारण प्रवास. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग केलेले लवकर रुळतात. माध्यमाचं शिक्षण घेतलेलेही येतात आणि टिकतात, पण सिग्नलचा रस्ता त्यांना मुद्दाम शिकून घ्यावा लागतो. क्यूसीचं टेबल कंटाळवाणं म्हणून टाळू नका. तिथे वर्षभर बसलेल्याला फाइल बिघडण्याचे जेवढे प्रकार माहीत असतात, तेवढे दुसऱ्या कुठल्याही टेबलावर कळत नाहीत.

वेळेचं गणित

प्लेलिस्टमध्ये दोन जातीचे आयटम असतात. काही आधीचा संपला की आपोआप लागतात, तर काही घड्याळाला बांधलेले असतात आणि ठरल्या वेळेलाच सुटतात. सगळी गडबड या दोहोंच्या सांध्यावर होते.

एक उदाहरण घेऊ. सामन्याचं थेट प्रक्षेपण १९:५० ला संपायचं आहे आणि २०:०० ला बातम्या, वेळेला बांधलेल्या. मधली दहा मिनिटं अशी भरली आहेत: जाहिराती २ मिनिटं, लघुपट साडेपाच मिनिटं, प्रोमो दीड मिनिट, वाहिनीची ओळख आणि फिलर (रिकामा वेळ भरणारा तुकडा) १ मिनिट. सामना लांबला आणि १९:५७:२० ला संपला. हातात उरली २ मिनिटं ४० सेकंद. जाहिराती विकलेल्या आहेत, त्या जाणारच. उरलेल्या ४० सेकंदांत ३० सेकंदांचा एक प्रोमो आणि १० सेकंदांची ओळख बसते. लघुपट, बाकीचे प्रोमो आणि फिलर गळाले.

हे सोपं झालं. पण सामना १९:५९:१० ला संपला तर? ५० सेकंदांत २ मिनिटांच्या जाहिराती मावत नाहीत. मग बातम्या उशिरा सुरू करायच्या की जाहिराती बातम्यांच्या पहिल्या ब्रेकमध्ये ढकलायच्या? यातलं काहीही एकट्याने ठरवायचं नसतं. संपादकीय माणसाची आणि जाहिरातींचं वेळापत्रक पाहणाऱ्या ट्रॅफिक विभागाची संमती लागते. म्हणून सामना लांबतोय असं दिसताच, १९:५० च्या सुमारास, दोन्ही फोन झालेले हवेत आणि दोन्ही पर्यायांच्या याद्या ऑपरेटरसमोर तयार हव्यात. १९:५९ ला विचारायला फोन उचलणारा इन्चार्ज आधीच हरलेला असतो.

घड्याळाबद्दलही थोडं. सगळ्या खोल्यांची घड्याळं एकाच मास्टर क्लॉकवर चालायला हवीत आणि ते जीपीएसशी जुळलेलं हवं. सेकंदाला २५ फ्रेमच्या, म्हणजे २५ स्थिर चित्रांच्या, पद्धतीत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, हिशेब सरळ. २९.९७ फ्रेमच्या पद्धतीत मात्र ड्रॉप-फ्रेम टाइमकोड असतो (टाइमकोड म्हणजे प्रत्येक फ्रेमला दिलेला वेळेचा क्रमांक): दर मिनिटाला पहिले दोन क्रमांक गाळतात, फक्त दर दहाव्या मिनिटाला गाळत नाहीत. चित्रातली फ्रेम गळत नाही, गळतो नुसता क्रमांक. नॉन-ड्रॉपने, म्हणजे क्रमांक न गाळता, मोजलेला एक तासाचा कार्यक्रम प्रत्यक्षात ३.६ सेकंद जास्त चालतो. चार-पाच असे कार्यक्रम एका पाठोपाठ लागले की संध्याकाळी कुणाला कळत नाही हे पंधरा-वीस सेकंद गेले कुठे.

पडदा काळा झाला

आता ज्यासाठी ही खुर्ची असते ते. चित्र गेलं. पहिली नजर तीन मॉनिटरवर: प्लेआउटचं आउटपुट, एन्कोडरकडे (सिग्नल दाबून पाठवण्याजोगा करणाऱ्या यंत्राकडे) जाणारं आउटपुट आणि प्रेक्षकाला दिसतं तसं परत आलेलं चित्र. पहिली दोन ठीक आणि तिसरं काळं, तर दोष खोलीच्या बाहेर आहे. एन्कोडर, अपलिंक (उपग्रहाकडे जाणारा दुवा) किंवा पुढचा मार्ग पाहायचा, प्लेआउटला हात लावायचा नाही. लक्षात ठेवा, परत आलेलं चित्र उशिराचं असतं. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहे, त्यामुळे वर जाऊन खाली यायला सुमारे पाव सेकंद लागतो. एन्कोडर-डिकोडर त्यात आणखी सेकंद घालतात. दुरुस्ती केल्यावरही परतीचा मॉनिटर थोडा वेळ काळाच दिसतो. नवखा माणूस घाबरून दुसरं बटण दाबतो आणि सावरलेलं पुन्हा पाडतो.

पहिलंच आउटपुट काळं असेल तर बॅकअपवर चेंजओव्हर. बॅकअप सर्व्हर तीच प्लेलिस्ट समांतर चालवत असतो, म्हणून उडी एका फ्रेमची असते. मात्र एक सापळा आहे. फाइलच बिघडलेली असेल तर ती दोन्ही सर्व्हरवर तशीच बिघडलेली असते. बॅकअपवर गेलात आणि तिथेही तेच दिसलं, तर पुन्हा मुख्यवर येण्यात वेळ दवडू नका. आयटम सोडून पुढचा लावा किंवा फिलर टाका. फिलर कायम क्यू केलेला, म्हणजे लावायला तयार, असावा, शोधायला लागता कामा नये. कारण शोधणं हे नंतरचं काम, आधी पडद्यावर काहीतरी धड दिसू द्या.

या सगळ्यात ऑपरेटरचे हात मोकळे राहिले पाहिजेत. फोन इन्चार्जने घ्यायचे, आणि ते येतातच, पहिल्या मिनिटातच वरून खालून सगळीकडून. उत्तर ठरलेलं: काय दिसतंय, कशावर आहोत, पुन्हा कधी कळवणार. कारणाचा अंदाज फोनवर सांगू नका, तोच पुढे अहवालात चिकटतो.

बॅकअप आहे या भरवशावर बरेच जण झोपतात. चेंजओव्हर ठरावीक दिवशी, कमी प्रेक्षकांच्या वेळी करून पाहिला नसेल तर तो नाहीच असं समजा. नेहमी सापडणारे दोष असे: आदल्या रात्री दोन सर्व्हरांची जुळणी अर्ध्यात थांबली आणि आजच्या चार फाइली बॅकअपवर पोचल्याच नाहीत, बॅकअपच्या ग्राफिक्समध्ये वाहिनीचा जुना लोगो राहिला, मुख्य आणि बॅकअप दोन्हींचे वीजपुरवठे एकाच यूपीएसवर निघाले. आणि एसी! वीज गेली की यूपीएस सर्व्हर चालू ठेवतो, पण एसी सहसा यूपीएसवर नसतो. जनरेटरने एसीचा भार उचलला नाही तर रॅक तापत जातात आणि वीज परत आल्यावर सर्व्हर बंद पडतो. मग सगळे वीज नीट आहे ना ते तपासत बसतात.

आवाजाच्या तक्रारी

चित्र बिघडलं तर लगेच दिसतं, आवाजाचं तसं नसतं. ओठ आणि आवाज यांच्या मेळाबद्दल आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस सांगते की आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तरी लक्षात येतं, उशिरा असेल तर १२५ पर्यंत सहसा येत नाही. कारण साधं आहे, लांबून बोलणाऱ्याचा आवाज एरवीही प्रकाशाच्या मागूनच येतो. घोळ बहुधा बाहेरून आलेलं चित्र स्टुडिओच्या वेळेशी जुळवणाऱ्या फ्रेम सिंक्रोनायझरमुळे होतो: तो चित्राला एक-दोन फ्रेम थांबवतो आणि आवाज वेगळ्या वाटेने पुढे निघून जातो. दुरुस्ती त्या एका सोर्सवर करायची. शेवटच्या टप्प्यावर डिले लावला की तो सोर्स सुधारतो आणि उरलेले सगळे बिघडतात.

जाहिराती मोठ्याने वाजतात ही तक्रार कायमची. त्यासाठी लाउडनेस, म्हणजे कानाला जाणवणारा आवाजाचा मोठेपणा, मोजतात. युरोपात २०१० पासूनच्या आर १२८ शिफारशीनुसार लक्ष्य उणे २३ एलयूएफएस (लाउडनेसचं एकक) आहे, अमेरिकेत उणे २४. तिथे डिसेंबर २०१२ पासून जाहिरातींच्या आवाजाबाबत कायदाच लागू आहे. पण हा आकडा पूर्ण कार्यक्रमाची सरासरी असतो. चित्रपटातला कुजबुजीचा प्रसंग सरासरीच्या बराच खाली असतो आणि त्याला लागून आलेली जाहिरात नियमात असूनही अंगावर येते. तक्रारीला ‘मीटर बरोबर आहे’ असं उत्तर देऊन भागत नाही. ब्रेक कुठे पडतो ते बघावं लागतं.

रेडिओचं वेगळं

रेडिओत शत्रू म्हणजे शांतता. सायलेन्स डिटेक्टर ठरावीक सेकंद आवाज आला नाही की घंटा वाजवतो किंवा राखीव संगीत लावतो. वेळ फार कमी ठेवली तर नाटकातल्या विरामावर गाणं सुरू होतं, फार जास्त ठेवली तर श्रोता दुसरीकडे गेलेला असतो. अनेक ठिकाणी डिटेक्टर स्टुडिओच्या आउटपुटवर बसवलेला असतो. स्टुडिओ ते ट्रान्समीटर हा दुवाच तुटला तर त्याला पत्ता लागत नाही. एक डिटेक्टर रिसीव्हरवर, हवेतून आलेल्या आवाजावर हवाच.

फोन-इन कार्यक्रमात काही सेकंदांचा डिले लावतात, अपशब्द आला की तो गाळायला डम्प बटण. बटण दाबलं की साठवलेला वेळ खर्च होतो, आणि यंत्र आवाज नकळत ताणून तो हळूहळू पुन्हा साठवतं. तोवर ढाल नसते. त्या काळात दुसरा फोन घ्यायचा नाही, गाणं लावायचं. निवेदकाला ही गोष्ट कुणीतरी आधी सांगितलेली असावी लागते.

ट्रान्समीटरच्या वहीत पुढे जाणारी आणि परत येणारी शक्ती ठरावीक वेळाने लिहितात. व्हीएसडब्ल्यूआर हा परत येणाऱ्या शक्तीचा निर्देशक. तो १.५ म्हणजे ४ टक्के शक्ती परत, २ झाला की ११ टक्के. एकदम उडी मारली तर जोड किंवा अँटेना तुटली असेल. आठवडाभर हळूहळू चढत असेल तर फीडरमध्ये, म्हणजे अँटेनाकडे जाणाऱ्या केबलमध्ये, पाणी शिरल्याचा संशय घ्या. रोजचा आकडा कालचाच बघून लिहिणारे भेटतात. अशी वही नसलेली बरी.

आधी माहीत असणारी संकटं

सन आउटेज त्यातलं एक. विषुवदिनांच्या आसपास, वर्षातून दोनदा, काही दिवस रोज जवळपास त्याच वेळी सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो आणि डिशमध्ये काही मिनिटं नुसता गोंगाट भरतो. तारीख-वेळ डिशच्या जागेवरून आधी काढता येते. ती रोस्टरवर लिहा, त्या वेळी उपग्रहावरून येणारा थेट फीड ठेवू नका. जोराच्या पावसाचं तसं वेळापत्रक नसतं, पण उपग्रहाच्या लहरींपैकी जास्त वारंवारतेच्या केयू बँडला सी बँडपेक्षा जास्त फटका बसतो हे माहीत असलं की ढग पाहून पर्यायी फायबर मार्ग जागा करून ठेवता येतो.

माणसं आणि कागद

रोस्टर लावताना रात्रपाळीनंतर लगेच सकाळपाळी देऊ नका. पहाटे तीन ते पाच या वेळात डोळे उघडे असूनही पडद्यावरचं गोठलेलं चित्र दिसत नाही. स्थिर चित्रावर वाजणारा अलार्म म्हणूनच असतो. तो त्रास देतो म्हणून कुणी बंद केला आहे का, हे पाळी घेताना पाहायचं. हँडओव्हर तोंडी आणि लेखी दोन्ही व्हावा: कोणता सर्व्हर हवेत आहे, कोणते अलार्म दाबून ठेवलेत आणि का, कोणती फाइल अजून आलेली नाही, ती कोण पाठवणार. नवा इन्चार्ज स्वतः चारही गोष्टी पाहील आणि मगच जुना उठेल.

चुकलेल्या ऑपरेटरला टॉकबॅकवर, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या आपसात बोलण्याच्या यंत्रणेवर, झापू नका. सगळी खोली ऐकते, आणि पुढच्या वेळी तो चूक झाल्याचं सांगणार नाही. पाळी संपल्यावर बाजूला घेऊन बोला.

दिवसाच्या शेवटी ॲज-रन लॉग, म्हणजे प्रत्यक्ष काय गेलं त्याची नोंद, ट्रॅफिककडे जाते. त्यावरून बिलं निघतात. तुटलेली जाहिरात ‘गेली’ म्हणून राहिली तर पुढे वाद होतो. घटनेचा अहवालही असाच कोरडा असावा:

‘२१:१४:०७ चित्र गोठले, आवाज चालू. २१:१४:१९ बॅकअपवर घेतले, प्रसारण ठीक. १२ सेकंद परिणाम. एक स्पॉट (जाहिरात) अर्धवट, २१:२० ला ट्रॅफिकला कळवले. मुख्य सर्व्हर तपासणीसाठी बाजूला, सध्या बॅकअपला बॅकअप नाही.’

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच लिहायचं राहतं. मुलाखतीत असाच प्रसंग देऊन ‘पुढे काय कराल?’ विचारतात. बहुतेक उमेदवार सर्व्हर कसा दुरुस्त करायचा ते सांगू लागतात. पॅनेलला ऐकायचं असतं की रात्रीचा थेट कार्यक्रम आता एकाच सर्व्हरवर चालणार आहे, हे तुम्ही कुणाला, किती वाजता कळवलंत.