अनोळखी शहरात गाइड घ्यायचा तर पहिल्याच सकाळी घ्या

नव्या शहरात चार-पाच दिवस राहणार असाल, तर खासगी स्थानिक गाइड पहिल्या पूर्ण दिवशी, सकाळी घ्या. आणि अर्ध्याच दिवसासाठी घ्या. बहुतेक जण नेमकं उलट करतात. तीन दिवस आपले आपण भटकतात, पाय दुखायला लागतात, काहीतरी निसटतंय असं वाटू लागतं आणि मग शेवटच्या दिवशी गाइड शोधतात. ज्या दारावरून तीनदा गेलो त्याच्या आत काय होतं, हे तेव्हा कळतं आणि हातात फक्त परतीचं तिकीट उरलेलं असतं. फार हळहळ होते.

मी आईला घेऊन फिरते. ती सत्तरीच्या पुढे आहे, गुडघे दुखतात, पण नवं शहर बघायचं म्हटलं की महिनाभर आधीपासून तिची तयारी सुरू होते. ग्रुप टूरमध्ये तिला झेंड्यामागे पळावं लागायचं. दोघीच फिरलो तर माझं सगळं लक्ष नकाशात, आणि तिच्याशी बोलायचं राहूनच जायचं. म्हणून मी गाइड घ्यायला लागले. आतापर्यंत अकरा शहरं अशी पाहिली.

गाइडकडून माहिती मिळते हे खरं, पण ती फोनवरही मिळते. कुठे थांबायचं, काय सोडून द्यायचं आणि आपल्या माणसाला काय झेपेल, हे सांगणारा माणूस मात्र हवाच. हे मला इस्तंबूलला नीट कळलं. आया सोफिया ही इ.स. ५३७ मध्ये पूर्ण झालेली वास्तू. आम्ही गेलो तेव्हा तिथे संग्रहालय होतं, २०२० पासून ती पुन्हा मशीद आहे. वरचा सज्जा आईला जमणार नाही, असं मी घरूनच ठरवून टाकलं होतं. पण आमच्या गाइडबाईंनी आठवडाभर आधीच निरोप पाठवला होता: वर जायला जिना नाही, वळत वळत जाणारा दगडी चढ आहे; फरशी ओबडधोबड आहे, तेव्हा न घसरणारे बूट घाला, घाई अजिबात नाही.

आई भिंतीला हात लावत, मध्ये मध्ये थांबत वर आली. वर सगळ्यांच्या माना घुमटाकडे नाहीतर भिंतीवरच्या सोनेरी मोझेइककडे, म्हणजे बारीक तुकडे जडवून केलेल्या चित्रांकडे वळलेल्या. बाई आम्हाला दक्षिणेकडच्या संगमरवरी कठड्यापाशी घेऊन गेल्या आणि काही न सांगता बोट दाखवून उभ्या राहिल्या. दगडावर काही उभ्या, काही तिरप्या, झिजलेल्या रेघा होत्या. मला तर ते ओरखडेच वाटले. आई वाकली, चष्मा सारखा केला, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, कुणीतरी उभं राहून कंटाळलंय आणि नाव कोरलंय."

तसंच होतं ते. ती रूनिक, म्हणजे उत्तर युरोपातली जुनी लिपी आहे. तेव्हा इस्तंबूलवर राज्य करणाऱ्या बायझंटाइन सम्राटांच्या पदरी तिकडून आलेले सैनिक असत, त्यांच्यापैकी कुणीतरी हजारेक वर्षांपूर्वी ते कोरलं. त्यातलं हाल्फदान हे नाव तेवढं लागतं. "पुढे 'इथे आला होता' असं लिहिलंय म्हणून बरेच जण सांगतात," बाई म्हणाल्या, "पण पुढची अक्षरं झिजून गेलीत, ती वाचता येत नाहीत." या एका वाक्याने माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगणारा गाइड मिळाला, तर त्याला धरून ठेवावं.

असा माणूस शोधायचा कसा, ते आता सांगते.

पहिली गोष्ट परवाना. इटली, ग्रीस, तुर्कस्तान अशा देशांत परवान्याशिवाय गाइडचं काम करता येत नाही. तुर्कस्तानात त्यासाठी २०१२ चा स्वतंत्र कायदा आहे. ब्रिटनमध्ये 'ब्लू बॅज' ही मानाची पात्रता समजतात. भारतात पर्यटन मंत्रालयाचं किंवा त्या राज्याच्या पर्यटन खात्याचं ओळखपत्र असतं. ते दाखवा म्हणायला संकोच करू नका. खरा गाइड ते आनंदाने दाखवतो, कारण त्यामागे त्याचा अभ्यास आणि परीक्षा असते. अनेक शहरांत गाइडांची संघटना असते आणि तिच्या वेबसाइटवर भाषेनुसार नावं मिळतात. मी शोध तिथूनच सुरू करते. आणखी एक घोळ टाळा. टूर मॅनेजर वेगळा आणि गाइड वेगळा. टूर मॅनेजर प्रवासभर बरोबर राहून हॉटेल, बस, वेळापत्रक सांभाळतो. गाइड त्या एका जागेचा जाणकार असतो. एकाचं काम दुसऱ्याकडून मागितलं की दोघांची पंचाईत होते.

अभिप्राय वाचताना 'खूप छान', 'मस्त अनुभव' हे सोडून द्या. काही बिघडलं तेव्हा गाइडने काय केलं, ते कुणी लिहिलंय का ते शोधा. पाऊस आला, म्हातारं माणूस थकलं, फाटक बंद निघालं, मूल रडायला लागलं. अशा वेळी तो कसा वागला, हे पन्नास तारकांपेक्षा जास्त सांगून जातं.

मग दहा मिनिटं फोनवर बोला. भाषा समजते का, हे ऐकल्याशिवाय कळत नाही. त्या फोनवर मी एक प्रश्न हमखास विचारते: "आमच्याकडे चारच तास आहेत, तर यादीतलं काय गाळाल?" चांगला गाइड लगेच दोन ठिकाणं गाळतो आणि का ते सांगतो. "सगळं दाखवतो, काळजी करू नका" असं उत्तर आलं, तर मी दुसरा बघते.

यापुढचं काम तुमचं, आणि बहुतेक लोक तिथेच कमी पडतात. गाइड तुम्हाला ओळखत नाही. तुम्ही काहीच सांगितलं नाही, तर तो सगळ्यांना दाखवतो तेच तुम्हालाही दाखवणार. मी आईसाठी पाठवते तो निरोप जसाच्या तसा देते, हवा तर वापरा:

"आम्ही दोघी आहोत, मी आणि माझी आई. आईचं वय ७४. सपाट रस्त्यावर ती सलग वीस मिनिटं चालते, मग पाच मिनिटं बसावं लागतं. पंचवीस-तीस पायऱ्या चढते, पण कठडा लागतो. दर दीड तासाने स्वच्छतागृह लागतं. तिने शिवणकाम शिकवलं आहे, त्यामुळे कापड, विणकाम, कपड्यांवरची नक्षी यात तिला फार रस आहे. लढाया आणि राजांची वंशावळ कमी चालेल. मला शहराला पाणी कुठून येतं, कसं येतं, हे पाहायला आवडतं. खरेदी करायची नाही. फोटोंसाठी वेगळं थांबायला नको."

शेवटची पाच वाक्यं महत्त्वाची आहेत. 'आम्हाला इतिहास आवडतो' एवढ्यावरून गाइडला काही कळत नाही. कापड म्हटलं की तो विचार करायला लागतो. पाण्याची आवड कळवली म्हणूनच आम्हाला इस्तंबूलमध्ये जमिनीखालची सहाव्या शतकातली पाण्याची टाकी सावकाश बघायला मिळाली, तीनशेहून जास्त खांबांची. आवड काहीही असू दे, जुने पूल असोत, झाडं असोत, छापखाने असोत. एक तरी नेमकी सांगा. आणि शरीराच्या मर्यादा लाजून लपवू नका. त्या आधी कळल्या तर गाइड रस्ता बदलतो, वाटेत कळल्या तर त्याला दिवस कापावा लागतो.

पैशांचं सगळं लेखी ठरवा. फी माणशी की सगळ्यांची मिळून, प्रवेशतिकिटं त्यात आहेत का, गाइडचं स्वतःचं तिकीट कोण काढणार, गाडी असेल तर थांबण्याचे पैसे वेगळे का, वेळ वाढली तर काय, आणि आपण आजारी पडलो तर आगाऊ रक्कम परत मिळेल का. एका निरोपात सगळं विचारून टाका.

दुकानांचंही आधीच बोलून घ्या. एका शहरात, नाव सांगत नाही, आमच्या गाइडने 'कारागिरी बघू' म्हणून एका मोठ्या दालनात नेलं आणि आमचा पाऊण तास गेला. त्यांनी दिलेलं पाणी आईने घेतलं होतं, त्यामुळे उठून जाणं तिला बरं वाटेना. मला फार वाईट वाटलं, कारण तिच्या चालण्याची ताकद त्या दिवशी तिथे बसून संपली. तेव्हापासून 'दुकानात न्यायचं नाही, गाळ्यातही नाही, शोरूममध्येही नाही' हे मी निरोपात लिहून टाकते. चांगल्या गाइडला त्याचा राग येत नाही.

वार आणि तिकिटं स्वतः तपासा, गाइडवर सोडू नका. पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद असतं, ताजमहाल शुक्रवारी, व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर रविवारी. रोमच्या कोलोसियमच्या तिकिटावर २०२३ पासून नाव असतं आणि ते ओळखपत्राशी जुळावं लागतं. गाइडला तिकिटं काढायला सांगाल, तेव्हा पासपोर्टवरच्या स्पेलिंगप्रमाणे नावं कळवा.

आता प्रत्यक्ष दिवस. गाइडच्या मागून चालू नका, बाजूने चाला. मागून चालणाऱ्याशी कुणी गप्पा मारत नाही. सुरुवातीलाच शहर वरून दिसेल अशा एखाद्या जागी न्यायला सांगा, उंचवटा असेल नाहीतर पूल. नदी कुठे, स्टेशन कुठे, आपण राहतो ती जागा कुठे, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढचे दिवस नकाशा सारखा उघडावा लागत नाही. आणि एक तरी प्रवास गाडी सोडून बसने, ट्रामने किंवा मेट्रोने करा. तिकीट कुठे मिळतं, कार्ड कसं टेकवायचं, कोणत्या दाराने उतरायचं, हे गाइडसमोर एकदा करून पाहा. सगळ्यात कमी रोमांचक वाटणारी ही पंधरा मिनिटं मला सगळ्यात उपयोगी वाटतात.

प्रश्न विचारताना साल आणि राजा यांच्यात अडकू नका. 'इथे कोण राहायचं? पाणी कोण भरायचं? आता कोण राहतं? तुम्ही लहानपणी इथे काय करायचात?' असं विचारलं की गाइड पाठ केलेलं सोडून बोलायला लागतो. एखादी फारच रंगतदार कथा ऐकली, तर नम्रपणे विचारा, "याला कागदोपत्री आधार आहे की ऐकीव आहे?" ऐकीव कथा मलाही आवडतात, फक्त त्या ऐकीव म्हणून ऐकाव्यात. कधी कधी तर त्याला जरा गप्प राहायला सांगायलाही हरकत नाही. आई म्हणते, "दहा मिनिटं नुसतं बसू दे." बहुतेक गाइड तेव्हा खुशीत येऊन शेजारी बसतात.

फी परवडत नसेल तरी वाट आहे. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या 'ग्रीटर' उपक्रमात तिथले रहिवासी पाहुण्यांना आपला परिसर फुकट हिंडून दाखवतात, आणि आता बऱ्याच देशांतल्या शहरांत अशी मंडळी आहेत. ते प्रशिक्षित गाइड नव्हेत; गप्पा मारत वस्ती बघायची असेल तर उत्तम. शिवाय २१ फेब्रुवारी हा जागतिक पर्यटक-मार्गदर्शक दिन. त्याच्या आसपास अनेक ठिकाणच्या संघटना मोफत फेऱ्या ठेवतात.

शेवटची वीस मिनिटं राखून ठेवा. कुठेतरी बसा, कागदी नकाशा आणि पेन पुढे करा आणि पुढच्या दिवसांबद्दल विचारा: कोणत्या वेळी कुठे गर्दी नसते, संध्याकाळी कोणत्या भागात जाऊ नये, टॅक्सी कुठून घ्यावी, बसायला सावली कुठे आहे. टिप द्यायची तर त्या देशात काय रीत आहे ते आधी वाचून ठेवा, आणि घरी आल्यावर अभिप्राय जरूर लिहा. त्यात तुमच्यासारख्या माणसासाठी गाइडने काय केलं ते नेमकं लिहा.

इस्तंबूलच्या नकाशावर बाईंनी आईसाठी निळ्या पेनाने बाकांच्या जागा खुणावून दिल्या होत्या, एकूण नऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा आई कपडे करून खुर्चीत बसली होती, नकाशा मांडीवर उघडा. "ट्रामने दोन थांबे, मग तिसऱ्या बाकापर्यंत चालायचं," ती म्हणाली. "कार्ड मी टेकवणार. चल, ऊन व्हायच्या आत निघू."