गवतातली नागअळी वाढवताय? या चुका टाळा

नागअळी म्हणजे पानाच्या आत राहून ते पोखरणारी अळी. पोळ्याच्या सुमारास नागपूरच्या अंबाझरी किंवा गोरेवाड्याकडच्या माळावर गवताचं एखादं पातं उजेडासमोर धरून पाहा. टोकाकडून खाली उतरलेला फिकट पट्टा दिसला की बरेच जण त्याला करपा समजतात. पट्ट्याच्या आत विष्ठेचे काळे कण किंवा हलणारी अळी दिसली, तर तो करपा नाही.

पण लगेच ती पतंगाची अळी आहे असंही म्हणू नका. माशीच्या आणि भातावरच्या हिस्पासारख्या भुंग्यांच्या अळ्याही पात्याच्या दोन पापुद्र्यांमध्ये राहतात. माशीच्या अळीला वेगळं डोकं दिसत नाही. पतंगांमध्येही एलाकिस्टा आणि कॉस्मॉप्टेरिक्स हे दोन गट गवत पोखरतात, म्हणून पतंग बाहेर येईपर्यंत थांबावंच लागतं.

सगळ्यात जास्त अळ्या मरतात त्या पातं खुडल्यामुळे. डबीत टाकलेलं पातं वाळून गुंडाळतं आणि आतली अळी उपाशी मरते. माझ्या पहिल्या पावसाळ्यातल्या साऱ्या अळ्या अशाच गेल्या, त्याचं अजून वाईट वाटतं. आता मी गवताचं ठोंब मातीसकट कुंडीत लावतो आणि वरून मलमल बांधतो. ओला कापूस घालून डबी घट्ट बंद करणं तर त्याहून वाईट. भादव्यातल्या आपल्या उकाड्यात बुरशी धरायला वेळ लागत नाही.

पातं रिकामं झालं म्हणून कुंडी टाकून देऊ नका! एलाकिस्टाची अळी कोष करायला बाहेर पडते. तो कोष बहुधा उघडाच असतो, फुलपाखराच्या कोषासारखा रेशमाने काडीला बांधलेला. कुंडीची कड आणि मलमलीच्या घड्याही तपासा.

पतंग निघाला की मोबाइलवरच्या फोटोवरून नाव ठरवायचा मोह होतो. पंख पसरून जेमतेम सेंटिमीटरभर असलेल्या या जिवांचे रंग फार फसवे असतात. इंग्रज कीटक-अभ्यासक एडवर्ड मेरिक (१८५४–१९३८) यांनी भारतातल्या असंख्य सूक्ष्म पतंगांना नावं दिली, पण जननांगांची रचना न तपासता. आज एलाकिस्टातल्या जवळच्या जाती वेगळ्या करायला तीच पाहावी लागते. म्हणून नमुना जपून ठेवा.

आणि गवत? मारवेल, पवन्या, कुसळी नुसत्या पात्यावरून ओळखू नका, एक ठोंब तुरा येईपर्यंत राखा. पोखरलेलं पातं वर्तमानपत्रात दाबून ठेवा. त्यावर तारीख, जागा आणि पतंगाला दिलेला तोच क्रमांक त्याच दिवशी पेन्सिलीने लिहा.