पावसाळ्यातील वाइंडिंग आणि कागदी कोन
इचलकरंजीतील आमच्या सूतगिरणीत पावसाळा सुरू होताच ऑटोकोनरच्या (शंकूच्या आकाराच्या नळ्यांवर, म्हणजे कोनांवर, सूत गुंडाळणाऱ्या यंत्राच्या) काही ड्रमांवर (कोन फिरवणाऱ्या रुळांवर) सूत वारंवार तुटू लागले आणि भरलेले कोन एका बाजूला घट्ट, तर दुसऱ्या बाजूला सैल येऊ लागले. सुताचा ताण (टेन्शन) व तुटलेली टोके जोडणारा स्प्लायसर तपासूनही फरक पडेना, तेव्हा मी रिकामे कोन होल्डरवर फिरवून पाहिले. ५°५७′ उताराचे ते कागदी कोन ओल शोषून लंबगोल झाले होते. त्यामुळे ते फिरताना थरथरत आणि ड्रमशी त्यांचा स्पर्श सारखा राहत नसे. गोदामातील कोनांचे गठ्ठे ओलसर भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर हलवले, प्लास्टिकचे वेष्टन वापराच्या वेळीच काढण्याची शिस्त लावली आणि टोक दबलेले कोनही वेगळे केले (टोकावरची बारीक चीरसुद्धा पुढे वार्पिंगला, म्हणजे विणकामासाठी ताण्याचे धागे गुंडाळताना, सूत अडकवते, म्हणून ही निवड अनुभवी कामगारांकडेच द्यावी). त्यानंतर त्या ड्रमांवरील तुटी इतर ड्रमांइतक्याच राहिल्या.