पिकअपचे ब्रेक पॅड अंगणातच बदलले

पहाटे इंदूरच्या चोइथराम मंडीकडे जाताना ब्रेक दाबला की पिकअपचं पुढचं डावं चाक किंचाळायचं. पॅड जेमतेम 2 मिलिमीटर उरलेला, त्याची झीज कळवणारी पत्ती चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला घासत होती. सियागंज बाजारातून पुढच्या दोन्ही चाकांचा संच आणला आणि रविवारी पोहे-जिलेबी आटोपून अंगणात बसलो.

मागच्या चाकांना विटा, नट जमिनीवरच ढिले, मग जॅक. खाली लोखंडी घोडी लावलीच. नुसत्या जॅकवर माझा भरवसा नाही. पॅड डिस्कवर दाबणारा भाग म्हणजे कॅलिपर; त्याचा खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचलला नि तारेनं बांधला, म्हणजे ब्रेक ऑइलच्या होजवर (रबरी नळीवर) ताण नको. खरी अडचण पॅडला ढकलणाऱ्या कॅलिपरमधल्या पिस्टनची. नवे पॅड जाड, त्यामुळे तो आत ढकलावा लागतो. जुना पॅड मध्ये धरून सी-क्लॅम्प आवळला, तर वर टाकीतून ब्रेक ऑइल उतू गेलं! गेल्या महिन्यात मीच हौसेनं काठोकाठ भरलं होतं. ते रंग खातं, म्हणून लगेच पाण्यानं धुतलं. उजवीकडच्या वेळी आधीच थोडं काढून घेतलं.

शेवटी पेडल दाबलं तर थेट तळाला, कारण पिस्टन आत ढकललेले! बायको म्हणाली, "झालं का वाटोळं?" पंधरा-वीसदा पंप केल्यावर कडक झालं. पहिली फेरी मात्र रिकामीच मारली, गल्लीतल्या गल्लीत.