लाळग्रंथींच्या नसा: व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) दरवर्षी होणाऱ्या या चुका टाळा

फर्स्ट एमबीबीएसच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडला की चार-पाच पेपरांतच हे वाक्य भेटतं: ‘सिंपथेटिक लाळ थांबवते, पॅरासिंपथेटिक सुरू करते.’ आपोआप चालणाऱ्या कामांच्या या दोन नसा, धावपळीची सिंपथेटिक आणि आरामाची पॅरासिंपथेटिक, हृदयात एकमेकींच्या उलट वागतात; तेच कोष्टक उचलून लाळग्रंथीला चिकटवलेलं. अरे बाबांनो, इथे दोन्ही नसा लाळ सोडायलाच लावतात. पॅरासिंपथेटिकची लाळ भरपूर आणि पाणीदार, सिंपथेटिकची थोडी आणि प्रथिनांनी दाट. मग परीक्षेत तोंडाला कोरड का पडते? भीतीमुळे मेंदूच ब्रेनस्टेममधल्या (मेंदूच्या बुंध्यातल्या) लाळेच्या केंद्रांना आवरतो, म्हणून पॅरासिंपथेटिकचे संदेश कमी होतात. सिंपथेटिक ग्रंथीपाशी येऊन नळ बंद करत नाही.

दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्त राग.

माझी व्हायव्हा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चहाची बशी बाजूला सारली आणि विचारलं, “ॲट्रोपिन दिलंय. आता कॉर्डा टिंपनीला करंट दिला. लाळ?” (कॉर्डा टिंपनी म्हणजे जबड्याखालच्या लाळग्रंथीकडे पॅरासिंपथेटिक तंतू नेणारी नस; ॲट्रोपिन म्हणजे त्या तंतूंच्या टोकांतून सुटणाऱ्या ॲसिटिलकोलिन या रासायनिक निरोप्याला अडवणारं औषध.)

“नाही येणार, सर.”

“आणि ग्रंथीतला रक्तप्रवाह?”

“तोही वाढणार नाही. लाळच नाही तर रक्त कशाला लागेल?”

ते माझ्याशी काही बोललेच नाहीत. शेजारच्या सरांना म्हणाले, “हायडेनहाइनला 1872 साली दिसलं ते यांना अजून दिसायचंय.”

हायडेनहाइन या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाला दिसलं होतं ते असं: ॲट्रोपिनने लाळ थांबते, पण रक्तवाहिन्या तरीही रुंदावतात. म्हणजे रक्तप्रवाह वाढणं ही निव्वळ लाळेची सावली नाही, नस ते वेगळं घडवते. ॲसिटिलकोलिनसोबत त्याच टोकांतून व्हीआयपी नावाचं पेप्टाइडही सुटतं आणि त्याला ॲट्रोपिन अडवत नाही. त्याआधी 1858 मध्ये फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नारने पाहिलं होतं की कॉर्डा टिंपनी चेतवली की ग्रंथीच्या शिरेतलं काळपट रक्त लालभडक होतं. प्रवाह इतका जोरात, की ऑक्सिजन काढून घ्यायला सवडच मिळत नाही.

उलटी समजूतही तितकीच चुकीची, की रक्त वाढलं म्हणून लाळ गाळली जाते. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ लुडविगने ग्रंथीच्या नळीतला दाब धमनीतल्या दाबाहून जास्त भरलेला दाखवला. गाळून येणारी लाळ असती, तर हे कसं जमलं असतं? पेशी स्वतः क्षार ढकलतात, पाणी मागोमाग येतं. रक्त लागतं ते हा माल पुरवायला. ते तोडलं तर ग्रंथी फार वेळ तग धरत नाही.

तेव्हापासूनची माझी सवय: पानावर मधोमध उभी रेघ, डावीकडे ‘लाळ’, उजवीकडे ‘रक्तवाहिन्या’. प्रत्येक नस आणि प्रत्येक औषध दोन्हीकडे वेगळं लिहायचं. दहा मिनिटं जातात. तीस सेकंदांच्या रीलवर शिकणाऱ्यांना ती जड वाटतात, आणि मग व्हायव्हात माझ्यासमोर अर्धा तास घाम फुटतो.

सिंपथेटिक वाहिन्या आवळते हे खरं, पण त्यासाठीचे तंतू वेगळे असतात आणि जेवताना ते सहसा कामाला लागत नाहीत.

फेशिअल नर्व्ह (चेहऱ्याची नस) कानापुढच्या पॅरोटिड लाळग्रंथीमधून जाते, तिला लाळ सोडायला लावत नाही. ते काम ग्लोसोफॅरिंजिअल या नसेचं, ऑटिक गँग्लिऑन नावाच्या चेतापेशींच्या गाठीमार्गे.

आणि ‘लाळ सुटायला कोणता हॉर्मोन?’ असं विचारलं की गॅस्ट्रिन (तो जठराचा हॉर्मोन) म्हणू नका. डोळ्यांसमोर चिंच आणा. तोंडाला पाणी सुटलं ना? नसांचं काम आहे ते.