इटलीत आठवडाभर राहायला जाताना

इटलीचा बेत ठरला की आपल्याकडे आधी शहरांची यादी होते. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, पिसा, मिलान आणि जमलंच तर जाता जाता स्वित्झर्लंड. तयारीची सुरुवात या यादीवर काट मारण्यापासून करा. इटली बघायची नसून थोडी जगायची असेल, तर एकच शहर निवडा, तिथे स्वयंपाकघर असलेलं छोटं घर घ्या आणि बाकीचं सगळं तिथून ट्रेनने. माझं मत बोलोन्याला. फ्लॉरेन्स वेगवान गाडीने पाऊण तासाच्या आत, व्हेनिस दीडेक तासावर, मोदेना, पार्मा आणि राव्हेन्ना तर साध्या पॅसेंजरच्या टप्प्यात. शिवाय हे विद्यापीठाचं गाव. विद्यापीठ 1088 सालचं मानतात. त्यामुळे रस्त्यावर पर्यटकांपेक्षा विद्यार्थी जास्त दिसतात.

तारखा ठरवताना ऑगस्ट टाळा. 15 ऑगस्टला त्यांचा फेर्रागोस्तो, म्हणजे उन्हाळी सुट्टीचा सण असतो. त्याच्या आगेमागे गावातली चांगली खानावळ, बेकरी, न्हावी, सगळे दाराला चिठ्ठी लावून समुद्रावर गेलेले असतात. एप्रिल-मे छान, पण 25 एप्रिल आणि 1 मे या सुट्ट्या बघून घ्या. दिवाळीच्या सुट्टीत जात असाल तर थंडी आणि धुकं धरून चाला. पावसाची मात्र काळजी नको, बोलोन्यात सुमारे 62 किलोमीटर छत घातलेले पदपथ आहेत. या पोर्तिकोंना 2021 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं. त्यांतला एक 666 कमानींचा, गावातून थेट टेकडीवरच्या सान लुकाच्या देवळापर्यंत जातो. चढ अंगावर येतो, म्हणून बूट आधी महिनाभर घरी वापरून पायात बसवून घ्या.

कागदपत्रांचं थोडक्यात. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटची मुदत पंधरा दिवस आधीची असली तरी तिथवर ताणू नका. फी मोठ्यांना 90 युरो, आणि प्रवासविमा किमान 30,000 युरोंचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला हवा. दोन-तीन देश असतील तर जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज.

आगाऊ बुकिंग दोनच गोष्टींचं करा. एक, वेगवान गाड्या, कारण त्यांचं भाडं विमानासारखं चढतं. दोन, ज्याशिवाय तुमचा जीव राहणार नाही असं एखादं ठिकाण. मिलानमधलं लिओनार्दोचं ‘अखेरचं भोजन’ बघायला एका वेळी मोजकी माणसं पंधरा मिनिटांसाठी सोडतात, तिथे आयत्या वेळी गेलात तर हात हलवत परत याल. फ्लॉरेन्सचं उफित्सी कलासंग्रहालय सोमवारी बंद असतं. पॅसेंजर गाड्यांचं तिकीट मात्र त्याच दिवशी काढलं तरी दर तोच. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर तिकीट खिशात असूनही दंड. निघण्याच्या आठवड्यात संपाच्या तारखाही बघा. त्याला ‘शोपेरो’ म्हणतात, तो आधी जाहीर होतो, आणि कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळात काही ठरावीक गाड्या सोडाव्याच लागतात.

आता बॅग. चाकांची मोठी बॅग दगडी रस्त्यावर हाल करते, लहानच घ्या. चर्चसाठी खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत. एक ओढणी किंवा पातळ शाल बरंच काम करते. आपली बारीक दोन पिनांची चार्जरची पिन तिथे चालते. खाऊच्या पिशवीवर मात्र नजर ठेवा. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे साजूक तूप, खवा, पनीर घरीच. प्रमाणपत्राशिवाय ताजी फळं-भाज्याही नाहीत. केळी, नारळ, अननस, खजूर अशा मोजक्या फळांना सूट आहे. हापूस त्यांत नाही आणि कढीपत्ताही नाही. मेतकूट, चटण्या, चकल्या, भाकरवडी खुशाल न्या. टॉयलेटमध्ये कसं होणार, ही जी चिंता आपण चारचौघांत बोलत नाही, तिचंही उत्तर आहे. इटलीत 1975 च्या नियमानुसार घरातल्या निदान एका न्हाणीघरात बिडे (बसून धुण्यासाठीचं बुटकं बेसिन) असावाच लागतो. घराचे फोटो बघताना खात्री करून घ्या आणि टमरेल बॅगेतून काढा.

सगळ्यात जास्त तयारी पोटाच्या घड्याळाची. सकाळी बारमध्ये (म्हणजे कॉफीच्या दुकानात) उभ्याने कॉफी आणि गोड पाव, एवढाच नाश्ता. काउंटरपाशी उभं राहून प्यायलात तर साधी कॉफी सव्वा-दीड युरोला, टेबलावर बसलात तर दर वेगळा. दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच. त्यानंतर स्वयंपाकघर बंद, ते संध्याकाळी साडेसातपर्यंत. चार वाजता पोटात कावळे ओरडायला लागले आणि समोर चांगली खानावळ दिसली तरी उपयोग नाही. मधल्या वेळेला सहा-सातच्या सुमारास अपेरितीवो असतो. एक पेय, सोबत थोडं खारं. रात्रीच्या बिलात माणशी दोन-तीन युरो ‘कोपेर्तो’ लागेल. ते टेबलावर बसण्याचे पैसे, फसवणूक नव्हे. टीप देण्याची सक्ती नाही.

बोलोन्यात ‘स्पगेटी बोलोनीज’ मागू नका. रागू म्हणजे खिम्याचा सॉस, तो तिथे ताल्यातेल्ले या चपट्या शेवयांवर येतो. त्या शिजल्यावर 8 मिलिमीटर रुंद हव्यात असं 1972 मध्ये तिथल्या व्यापार मंडळात रीतसर नोंदवलेलं आहे आणि ही रुंदी गावातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा 12,270 वा भाग म्हणून सांगतात. अशा गावात पदार्थात बदल सुचवण्याआधी दहादा विचार करावा.

शाकाहाऱ्यांनी दोन नावं पाठ करून जा. तोर्तेल्लीनी म्हणजे मांसाचं सारण, तेही मांसाच्या रश्श्यात. तोर्तेल्लोनी म्हणजे त्याचा मोठा भाऊ, पोटात रिकोत्ता चीज, वरून लोणी आणि सेजची पानं, हा आपला. नुसतं ‘कार्ने (मांस) नको’ म्हणून थांबू नका. ‘सोनो वेजेतारियानो’ (बाईने ‘वेजेतारियाना’) म्हणा आणि ब्रोदो म्हणजे रस्सा, प्रोशुत्तो म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, अँकोव्ही म्हणजे छोटे खारे मासे, स्त्रुत्तो म्हणजे डुकराची चरबी, हे चारही शब्द घेऊन विचारा. पियादिना नावाची पोळी अगदी निरागस दिसते, पण पुष्कळदा त्या चरबीतच मळलेली असते. पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारं विरजण) असतं. कडक पाळणाऱ्यांनी आधीच ठरवून घ्यावं, तिथे टेबलावर बसून घरच्यांशी वाद नको. बिनचीजचं हवं असेल तर मारिनारा पिझ्झा: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल.

स्वयंपाक घरी करणार असाल तर बाजाराची रीत शिकून जा. भाजीच्या दुकानात आपल्यासारखं टोमॅटो दाबून, वांगं उलटंसुलटं करून बघायचं नाही. आधी ‘ब्वोनजोर्नो’ (नमस्कार), मग काय हवं आणि कधी खायचं ते सांगायचं. आजसाठी की परवासाठी, हे बघून दुकानदार स्वतः निवडून देतो. सुपरमार्केटात उलट: हातात प्लास्टिकचा मोजा चढवायचा, फळं निवडायची, काट्यावर ठेवून त्यांचा आकडा दाबायचा आणि निघालेली चिठ्ठी पिशवीवर चिकटवायची. हे विसरलात तर गल्ल्यावर मागची सगळी रांग तुमच्याकडे बघते. ‘चाव’ ओळखीच्यांसाठी ठेवा. गर्दीतून वाट काढताना ‘पेर्मेस्सो’.

एक दुपार मोकळी ठेवा, बोलोन्यातल्या सान पेत्रोनिओसाठी. या चर्चच्या जमिनीत खगोलशास्त्रज्ञ कॅसिनीने 1655 मध्ये आखलेली सुमारे 67 मीटरची रेघ आहे. छताच्या भोकातून उन्हाचा कवडसा जमिनीवर पडतो, सरकत सरकत येतो आणि बरोबर सूर्याच्या मध्यान्हाला ती रेघ ओलांडतो. उन्हाळी वेळ चालू असेल तर तुमच्या घड्याळात तेव्हा साधारण सव्वा वाजलेला असतो, म्हणून एकलाच जाऊन उभे राहा. ढग नकोत, एवढीच अट.

परतीची तयारी जातानाच. एका दुकानात 70 युरोंहून जास्त खरेदी झाली तर कर परतीचा फॉर्म तिथेच मागा. पासपोर्ट सोबत लागेल. विमानतळावर कस्टमचं काम बॅग चेक-इन करण्याआधी, कारण त्यांनी वस्तू बघायला मागितली तर ती हाताशी हवी. मोदेनाचं खरं पारंपरिक बाल्सामिक (द्राक्षांचं व्हिनेगर) घेणार असाल तर ते किमान बारा वर्षं पिंपात मुरलेलं, 100 मिलिलिटरच्या गोल पोटाच्या बाटलीत मिळतं आणि महाग असतं. ती बाटली जाड मोज्यात घालून बॅगेच्या मधोमध ठेवा.